बाटली कोणाच्या भरवशावर?

पावसाळा सुरू झाला की तालुक्याच्या गावातल्या कोणत्याही दवाखान्यात डोकावून पाहा. खाटा भरलेल्या असतात. जागा उरली नाही म्हणून खिडकीच्या गजाला बँडेजच्या पट्टीने बाटली बांधलेली असते आणि खाली प्लास्टिकच्या खुर्चीत कोणीतरी हात लांब करून बसलेले असते. कोणाला ताप, कोणाला जुलाब, बऱ्याच जणांना नुसताच ‘अशक्तपणा’. बाटलीकडे लक्ष द्यायला कोण? घरून आलेली सून, नाहीतर शाळा बुडवून बसवलेला मुलगा. दवाखाना बाटलीचे पैसे घेतो आणि राखण करण्याचे काम नातेवाइकांच्या गळ्यात टाकून मोकळा होतो. हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे, बहुतेकांनी सोसलेही आहे. तरीही सलाईन हा डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातला खासगी मामला आहे असे आपण धरून चालतो. शिरेतून शरीरात काय जाते, किती वेगाने जाते आणि ते जात असताना कोण पाहत असते, हा नळाच्या पाण्याइतकाच सार्वजनिक प्रश्न आहे. म्हणून हे मुद्दे.

१. आधी बाटलीत काय असते ते उघड बोलू. ‘नॉर्मल सलाईन’ म्हणजे लिटरभर निर्जंतुक पाण्यात ९ ग्रॅम मीठ. दवाखान्यात लावतात ती बहुधा अर्ध्या लिटरची बाटली, म्हणजे तिच्यात साडेचार ग्रॅम मीठ आले. प्रौढ माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एका बाटलीत दिवसाचा वाटा जवळपास संपला! ‘ग्लुकोज’ म्हणून ओळखली जाते ती पाच टक्के डेक्स्ट्रोजची बाटली. तिच्या अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम साखर असते, फार तर शंभर कॅलरी. ज्वारीची एक भाकरी याहून जास्त देते आणि वर पोट भरते. ज्या पिवळ्या बाटलीला लोक ‘ताकदीची’ म्हणतात, तिच्यात याच पाण्यात जीवनसत्त्वांचे इंजेक्शन सोडलेले असते. रंग आला की भाव वाढतो, एवढेच. आता अशक्तपणाचे बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. रक्तक्षय झालेल्या बाईला जिना चढताना धाप लागते, ती हिमोग्लोबिन कमी असल्यामुळे. तिला लोहाच्या गोळ्या हव्यात, रक्त फारच कमी असेल तर शिरेतून लोहही द्यावे लागते, आणि ते बहुधा सलाईनमध्ये मिसळूनच देतात. पण त्यासाठी आधी थेंबभर रक्त तपासावे लागते. ती तपासणी न करता मिठाचे पाणी चढवून तिला घरी पाठवणे ही उपचाराच्या नावाने केलेली फसवणूक आहे.

२. म्हणून सलाईनच वाईट, असे कोणी समजू नये. १८३२ साली स्कॉटलंडमधल्या लीथ बंदरात थॉमस लॅटा या डॉक्टरने कॉलऱ्याने मरायला टेकलेल्या रुग्णांच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले आणि त्यातले काही उठून बसले. आजही बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला तर दोन्ही हातांत जाड सुया टाकून रिंगर लॅक्टेट धो धो सोडावेच लागते. तिथे पाच मिनिटांचा उशीर जिवावर बेततो. जुलाबांनी डोळे खोल गेलेले, पिण्याचीही शुद्ध नसलेले मूल आले, तर वजनाच्या दर किलोमागे १०० मिलिलिटर द्रव शिरेतून द्यायचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला सहा तासांत, मोठ्या मुलाला तीन तासांत. पण याच इतिहासाचे दुसरे पान आपल्या देशातले आहे आणि ते आपण वाचत नाही. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. पश्चिम बंगालमधल्या बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळचा सलाईनचा साठा संपत आला. त्यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवला, ते पाणी पिंपांत भरले आणि पाजण्याचे काम आयांच्या, भावांच्या हाती दिले. मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या घरातून चार टक्क्यांच्या आत आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. ज्या देशात हे घडले, तिथे वाटीने पाणी पिऊ शकणाऱ्या जुलाबाच्या रुग्णाला सर्रास सुई का टोचली जाते? जो पिऊ शकतो त्याच्या शिरेत सुई घालायची असेल, तर तिचे कारण सांगणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे आणि ते विचारणे हा रुग्णाचा हक्क.

३. ‘आम्ही काय करणार, लोकच मागतात,’ असे डॉक्टर म्हणतात. खोटे नाही ते. सोयाबीनची काढणी आली, उसाची तोड सुरू झाली की रोज बुडू नये म्हणून माणसे संध्याकाळी येतात: ‘डॉक्टर, दोन बाटल्या लावा, उद्या कामावर जायचंय.’ नाही म्हणणाऱ्या डॉक्टरकडून उठून ती समोरच्या दवाखान्यात जातात. बाटली लावल्यावर बरे वाटते, हेही खरे. मला विचाराल तर त्यातले निम्मे श्रेय पंख्याखाली तीन तास आडवे पडण्याचे आहे. कष्टकरी बाईला दिवसाउजेडी पडून राहायला आपल्या समाजाने ही एकच सबब मान्य केलेली आहे; तिच्या हाताला नळी असली की कोणी तिला ऊठ म्हणत नाही. पण मागणी आहे म्हणून पुरवठा, हा न्याय किराणा दुकानाला शोभतो. आणि शिकलेल्यांनी इथे गावकऱ्यांना हसू नये. मुंबई-पुण्यात गारेगार खोलीत, मऊ खुर्चीत बसून ‘ताजेतवाने’ होण्यासाठी, कातडी उजळण्यासाठी शिरेतून जीवनसत्त्वे आणि ग्लुटाथायोन घेणाऱ्यांची संख्या काही कमी नाही. खिडकीचा गज जाऊन स्टीलचा स्टँड आला, बाकी अज्ञान तेच. मागणाऱ्याचे अज्ञान समजून घेता येते, पण त्या अज्ञानावर दुकान चालवणाऱ्या पदवीधराला माफी असू नये.

४. ‘लावली तर बिघडतंय काय, पाणीच आहे!’ या वाक्याने जेवढे नुकसान केले तेवढे क्वचितच कशाने केले असेल. हृदय कमजोर असलेल्या, मूत्रपिंड थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला भराभर दोन बाटल्या गेल्या की ते पाणी फुफ्फुसांत उतरते. रात्री त्याला आडवे झोपता येत नाही, धाप लागते, तोंडाला फेस येतो, आणि घरचे म्हणतात, ‘संध्याकाळी तर सलाईन लावून आणली होती!’ लहान मुलांना नुसते ग्लुकोजचे पाणी जास्त गेले तर रक्तातले सोडियम उतरते, मेंदूला सूज येते, झटके येतात. मधुमेह्याला न तपासता लावलेल्या डेक्स्ट्रोजबद्दल तर बोलायलाच नको.

डेंग्यूचे उदाहरण जरा सविस्तर घ्यायला हवे, कारण दर वर्षी श्रावण-भाद्रपदात आपण प्लेटलेटचे आकडे फोनवरून एकमेकांना कळवत बसतो आणि खरी मेख बाजूला राहते. डेंग्यूत ताप उतरू लागतो तेव्हाचे २४ ते ४८ तास धोक्याचे. त्या काळात रक्तातला द्रव रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतो, नाडी बारीक होते, हातपाय गार पडतात. तेव्हा द्रव कमी पडला तर रुग्ण दगावतो. पण दीड-दोन दिवसांनी तोच झिरपलेला द्रव आपोआप परत रक्तात येऊ लागतो. त्या वेळी आदल्या दिवसाच्याच वेगाने बाटल्या चालू ठेवल्या, तर छातीत पाणी होऊन रुग्ण दगावतो. म्हणजे एकाच रुग्णाला सोमवारी जे जीवदान, तेच बुधवारी विष. मधला फरक कळतो कशावरून? तासातासाला नाडी, रक्तदाब, लघवी आणि रक्ताचा दाटपणा पाहण्यावरून. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशातही हृदयावर ताण येऊन फुफ्फुसांत पाणी भरते. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी प्राझोसिनची साधी गोळी वापरून असे रुग्ण वाचवण्याची वाट जगाला दाखवली. अशा पाणी भरलेल्या छातीवर ‘आधी एक बाटली लावून ठेवू’ म्हणणारा हात रुग्णाला बुडवत असतो. आफ्रिकेत तीन हजारांवर गंभीर आजारी मुलांचा एक मोठा अभ्यास झाला आणि २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: रक्ताभिसरण मंदावलेल्या तापाच्या ज्या मुलांना शिरेतून एकदम भरपूर द्रव दिला, त्यांच्यात मृत्यू जास्त झाले. तज्ज्ञही चकित झाले. सलाईन हे औषध आहे. त्याला मात्रा आहे, आणि मात्रा चुकली की ते मारते.

५. ही मात्रा प्रत्यक्षात सांभाळते कोण? डॉक्टर कागदावर ‘आरएल (म्हणजे रिंगर लॅक्टेट) ५०० मिली, सहा तासांत’ असे लिहून पुढच्या खाटेकडे जातात. तिथून पुढचे सगळे परिचारिकेचे काम. नळीच्या वेष्टनावर छापलेले असते, या सेटचे २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर. लहान मुलांसाठी मायक्रो सेट असतो, त्याचे ६०. मग हिशेब: ५०० गुणिले २०, भागिले ३६० मिनिटे, म्हणजे मिनिटाला २८ थेंब. हीच बाटली चार तासांत द्यायची तर ४२. सिस्टर मनगटावरचे घड्याळ थेंब पडतात त्या चेंबरच्या शेजारी धरते, पूर्ण मिनिटभर थेंब मोजते, अंगठ्याने नळीवरचे चाक किंचित फिरवते, परत मोजते. एवढ्याने झाले नाही. रुग्णाने कोपर वाकवले, कूस बदलली, बाटली हातात धरून तो बाथरूमला जाऊन आला की थेंब बदलतात. म्हणून तासाने पुन्हा मोजायचे. सोबत किती गेले आणि किती आले याची नोंद. साठ किलोच्या माणसाला तासाला साधारण ३० मिलिलिटर तरी लघवी व्हायला हवी. ती होत नसेल आणि बाटल्या मात्र संपत असतील, तर पाणी कुठेतरी साठते आहे. हे सर्वात आधी सिस्टरच्या लक्षात येते, मात्र ती तिथे असायला हवी.

आणि ती तिथे नसेल तर? मग शेवटच्या एसटीची वेळ झाली म्हणून नातेवाईक स्वतःच चाक पूर्ण सोडतात. सहा तासांची बाटली अर्ध्या तासात संपते. गंमत अशी की बाटली संपताना नळीत हवेचा बुडबुडा दिसला की सगळे घर ‘सिस्टर, सिस्टर’ करत धावते. साध्या, उंचीवर टांगलेल्या सेटमध्ये बाटली संपल्यावर नळीतला द्रव शिरेतल्या दाबामुळे सहसा खालीच थबकतो. दोन बुडबुड्यांनी माणूस मरत नाही. ज्याची भीती बाळगायला हवी तो वेग मात्र कोणी पाहत नाही. त्याहून भयंकर म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. दहा मिलिलिटरची छोटी कुपी, दिसायला इतर चार कुप्यांसारखी. बाटलीत मिसळून, सावकाश, कित्येक तासांत दिली तर उपचार. घाईत सरळ शिरेत ढकलली तर हृदय जागच्या जागी थांबते. हे काम ‘जरा बघ गं त्या बाटलीकडे’ म्हणून कोणाच्याही हाती देण्याचे नाही.

६. आता सुईच्या जागेकडे पाहू. तिथे दोन गोष्टी बिघडू शकतात आणि दोन्ही डोळ्यांनी ओळखता येतात. सुई शिरेबाहेर गेली की हात फुगतो, कातडी ताणते, पांढुरकी होते, हाताला गार लागते. शिरेला सूज आली तर उलट: लाल, गरम, दुखरी, आणि बोट फिरवले तर दोरीसारखी कडक लागते. पहिल्या प्रकारात आत साधे सलाईन असेल तर दोन दिवसांत उतरते. कॅल्शियम किंवा रक्तदाब वाढवण्याचे औषध असेल तर कातडी काळी पडून झडते. म्हणून प्रत्येक पाळीत ती जागा उघडून पाहायची, चिकटपट्टीवर सुई टाकल्याची तारीख लिहायची, टोपण उघडण्याआधी स्पिरिटने घासायचे, आणि गरज संपली की त्याच दिवशी सुई काढायची. आपल्याकडे होते काय? ‘असू दे, उद्या लागेल.’ बाटलीत हवा जावी म्हणून तिच्या बुडाला इंजेक्शनची सुई खोचून ठेवतात. त्या उघड्या सुईतून वॉर्डातली हवा, धूळ, जंतू सगळे औषधात शिरते. हवेची गाळणी असलेला सेट वापरला तर या सुईची गरजच पडत नाही. ही सुई इतक्या ठिकाणी दिसते की ती चूक आहे हेच आपण विसरलो. रुग्ण जो ताप घेऊन आला तो उतरला आणि चौथ्या दिवशी दुसराच ताप चढला, तर त्याचे खापर ‘हवामाना’वर फोडणे आता पुरे झाले.

७. या सगळ्याला हवेत माणसांचे डोळे, आणि तिथेच आपण कात्री लावली आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सांगतो: शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक, शिवाय रजांसाठी वाढीव ३० टक्के. आपल्या जिल्हा रुग्णालयात रात्री अकरा वाजता जा आणि मोजा. चाळीस खाटांचा वॉर्ड, खाली सतरंज्यांवर आणखी काही, आणि त्या सगळ्यांना एक सिस्टर, फार तर जोडीला एक शिकाऊ मुलगी. साधा हिशेब करू. समजा वीस जणांना बाटल्या चालू आहेत. थेंब मोजायला एक मिनिट, सुईची जागा पाहून नोंद करायला एक मिनिट. दर तासाला एक फेरी मारायची तर चाळीस मिनिटे यातच गेली. उरलेल्या वीस मिनिटांत इंजेक्शने, रक्तदाब, नवीन भरती, ऑपरेशनहून आलेला रुग्ण, रक्ताच्या पिशवीसाठी फोन, औषधे संपल्याची वही आणि एखादा मृत्यू. ती बाई काय सोडून देईल? जे सोडले तर लगेच कोणाला दिसणार नाही तेच: थेंब.

२०२३ मध्ये ऑक्टोबर उजाडता उजाडता नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, रिकाम्या पदांची चर्चा झाली, पुढारी येऊन गेले. त्याच्या आदल्याच वर्षी, मे २०२२ अखेर, राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या होत्या. बाहेरच्या संस्थांमार्फत कंत्राटी भरती नको, ही त्यांची एक मुख्य मागणी होती. तेव्हा आपण काय म्हणालो? ‘रुग्णांना वेठीस धरतात.’ अकरा महिन्यांच्या करारावर, कधीही जाण्याच्या टांगणीला लावून ठेवलेली मुलगी चाळीस रुग्ण सांभाळते, तेव्हा कोण कोणाला वेठीस धरत असते? इमारतींची उद्घाटने होतात, स्कॅनच्या यंत्रांना हार घातले जातात. परिचारिकेच्या पदाला फीत कापता येत नाही, म्हणून ते रिकामे राहते. रिकाम्या पदाची किंमत रुग्णाच्या अंगातून वसूल होते, आणि ही वसुली करणारे सरकार आपणच निवडून दिलेले आहे.

८. खासगी लहान रुग्णालयांत वेगळीच तऱ्हा आहे. पांढरा किंवा गुलाबी कोट घातला की ती ‘सिस्टर’. बारावी झालेली, गावातलीच, महिना-दोन महिने पाहून शिकलेली मुलगी. तिच्यावर माझा राग नाही. तुटपुंज्या पगारात तिच्या डोक्यावर नको ती जबाबदारी टाकली आहे, आणि काही बिघडले की पहिला हात तिच्यावरच उगारला जातो. पण सेफ्ट्रियाक्सोनसारखे रोजच्या वापरातले इंजेक्शन रिंगर लॅक्टेटच्या नळीतून सोडू नये, कारण कॅल्शियमशी मिळून त्याचे कण बनतात; रक्ताच्या नळीला ग्लुकोज जोडू नये, कारण तांबड्या पेशी खराब होतात; हे तिला कोणी शिकवलेले नसते. परिचारिकांची नोंदणी बंधनकारक करणारा कायदा राज्यात १९६६ पासून आहे. नोंदणी नसलेल्याने वैद्यकी करू नये हे सांगणारा कायदा १९६१ चा. कागदावर सगळे आहे. शेजारच्या गुजरातमध्ये मोडासा परिसरात २००९ साली वापरलेल्या सुया-सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे कावीळ ब ची साथ आली आणि कित्येक माणसे गेली. आपल्याकडे घरी येऊन बाटली लावून देणाऱ्या माणसाच्या पिशवीत काय असते, ते कोणी कधी उघडून पाहिले आहे?

९. बाटलीच सदोष असेल तर? नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्नाटकातल्या बळ्ळारीच्या सरकारी रुग्णालयात बाळंतिणींचे मृत्यू झाले आणि संशयाची सुई रिंगर लॅक्टेटवर आली. जानेवारी २०२५ मध्ये पश्चिम बंगालमधल्या मेदिनीपूरला पुन्हा तसेच. आपल्याला हा धडा जुना आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलने १४ रुग्णांचा बळी घेतला आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदी, तपासणी आणि राजकारण यांची सगळी लक्तरे वेशीवर टांगली. अशा वेळी शेवटचा पहारा वॉर्डातच असतो. बाटली उजेडासमोर धरायची, आत कण किंवा गढूळपणा दिसतो का ते पाहायचे, दाबून गळते का ते बघायचे, मुदत वाचायची. आणि बॅच क्रमांक केसपेपरवर लिहायचा. हे शेवटचे काम वरवर कारकुनी वाटते. पण उद्या एखादी बॅच परत मागवायची वेळ आली, तर ती कोणाकोणाच्या अंगात गेली हे दुसऱ्या कशावरून कळणार? ज्या रुग्णालयाच्या कागदावर बॅच क्रमांक नाही, त्याने चौकशीच्या दाराला आधीच कुलूप घातलेले आहे.

१०. मग मागायचे काय? ‘व्यवस्था सुधारा’ अशी मोघम मागणी करून काही होत नाही, तिला कोणी भीत नाही. मागणी मोजता येईल अशी हवी. प्रत्येक वॉर्डाच्या दाराशी फळा लावा: आज रुग्ण किती, या पाळीत नोंदणीकृत परिचारिका किती. नोंदणी क्रमांक त्यांच्या नावाच्या पट्टीवर असू द्या. खासगी शुश्रूषागृहांना रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी लावणे २०२१ च्या नियमांनी बंधनकारक झाले आहे. त्या दरपत्रकाशेजारीच हाही फळा मावेल. पंचायत समितीच्या सभेत तालुका आरोग्य अधिकाऱ्याला विचारा, जुलाबावरच्या क्षारसंजीवनीची (ओआरएस) पाकिटे आणि झिंकच्या गोळ्या प्रत्येक आशाताईकडे आज शिल्लक आहेत का. दवाखान्यात गेल्यावर आपण स्वतः तीन गोष्टी विचारू या: ही बाटली कशासाठी, किती तासांत, आणि पाहणार कोण? चिडून विचारायचे कारण नाही. चांगला डॉक्टर या प्रश्नांवर रागावत नाही; उलट ‘लावाच’ म्हणून हटून बसणाऱ्यांच्या गर्दीत त्याला हा माणूस हवाच असतो. आणि आपल्या गावातला कोणी डॉक्टर बाटली नाकारून ‘घरी जा, ताक-पेज प्या, उद्या रक्त तपासू’ म्हणाला, तर त्याला कंजूष ठरवून दुसरीकडे पळू नका. अशा डॉक्टरला गल्ल्यातून बसणारी शिक्षा आपणच देतो.

राहिले सरकारी रुग्णालय. तिथे रुग्ण कल्याण समिती नावाची समिती असते, तिच्यावर आपल्यातलीच माणसे असतात, चहा-बिस्किटांसह तिच्या बैठका होतात. पुढच्या बैठकीला ड्युटीचे रजिस्टर आणि वॉर्डाच्या नोंदवह्या टेबलावर मागवा. काल रात्रपाळीत किती बाटल्या चालू होत्या, किती सिस्टर हजर होत्या आणि किती तास थेंबांची एकही नोंद नाही, हे तारखेनिशी इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची प्रत आमदारांच्या, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे पोच घेऊन पाठवा.